सात नंबरची कांडी

क्लेम रॅडिच गेला तेव्हा त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला कंपनीत कोणी उरलं नव्हतं. कंपनीच उरली नव्हती. कालगुर्लीच्या पेपरात त्याच्या बहिणीने दिलेली छोटी जाहिरात आली. नाव, वय, 'बोल्डरचा', आणि फुलं आणू नयेत ही विनंती. वाचून झाल्यावर मला वाटलं, एवढ्यात क्लेम मावत नाही.

मी त्याच कंपनीत, थॉर्नबिल गोल्डमध्ये, नोकरीला होते. साहित्याची पदवी घेतलेल्या मुलीने सोन्याच्या कंपनीत काय करायचं, हा प्रश्न पर्थमध्ये माझ्या आईलाही पडला होता. मी भागधारकांसाठी तिमाही अहवाल लिहायचे. बोअरमधून काय निघालं ते टेस हॅनिगन सांगायची आणि मी ते वाक्यांत बसवायचे. टेस आमची भूगर्भशास्त्रज्ञ. एकुलती एक, म्हणून मॅनेजरही तीच. 'आशादायक' हा शब्द न वापरता आशा कशी लिहायची, हे मी तिच्या हाताखाली शिकले.

थॉर्नबिलकडे खाण नव्हती. खाणीची जागा होती, मेंझीसच्या पलीकडे, लाल मातीत. आमच्यासारख्या छोट्या कंपन्या खाण काढत नाहीत. त्या जमिनीला भोकं पाडतात, आत काय आहे ते बघतात, आणि कुणीतरी मोठा येऊन सगळं विकत घेईल याची वाट बघतात. आमचं सगळं धन कालगुर्लीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. जमिनीतून काढलेल्या खडकाच्या कांड्या, मनगटाएवढ्या जाड, लांबलचक ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या. एकेका बोअरची पानं जणू. त्या शेडचा राखणदार क्लेम.

प्रत्येक कांडी करवतीने उभी चिरायची. अर्धा भाग पर्थच्या प्रयोगशाळेत जायचा, तिथे त्याची भुकटी करून सोनं मोजायचे. उरलेला अर्धा ट्रेमध्ये राहायचा. तो कायम राहायचा. उद्या कुणी विचारलं, तुमचं सोनं खरं कशावरून, तर ट्रे उघडून दाखवता यावा म्हणून. अर्धी कांडी शेडबाहेर जात नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. क्लेमने तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

तो कालगुर्लीला चिकटलेल्या बोल्डरमध्ये जन्मलेला. बाप क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून आला आणि जमिनीखाली गेला, असं क्लेम सांगायचा. वर आला तेव्हा फुप्फुसं संपली होती. आई डिसेंबरच्या उकाड्यात आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून शिजवायची आणि घरातली माणसं अंगणात पाण्याच्या नळीखाली बसून जेवायची. क्लेमने बापाचं बघून एकच ठरवलं, जमिनीखाली जायचं नाही. तो ड्रिलवर लागला. वरून भोकं पाडायची. पुढे एक सळई पाठीवर पडली आणि तेही सुटलं. शर्ली नावाची बायको होती. ती समुद्राकडे राहायला गेली आणि तिथेच राहिली. त्याबद्दल तो कडवटपणे बोलायचा नाही. तिला हिरवळ आवडायची, म्हणायचा. इथं हिरवी फक्त बिअरची बाटली.

त्याला शेड मिळाली ती नेव्ह पॅस्कोमुळे. नेव्ह त्याचा जुना दोस्त, एकटा फिरून सोनं शोधणारा माणूस. थॉर्नबिलची जागा मुळात नेव्हची. त्यानेच ती हुडकली, हक्काच्या खुंट्या ठोकल्या आणि कंपनीला शेअरच्या बदल्यात दिली. देताना अट घातली की शेड क्लेमकडे राहील आणि त्याची कॅराव्हॅन शेडच्या मागे उभी राहील. क्लेमने आपली पाठीची सगळी भरपाई त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातली. मग सात नंबरच्या बोअरमध्ये सोनं लागलं. नुसत्या डोळ्यांना दिसणारं. पांढऱ्या गारगोटीत पिवळे ठिपके.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही दिसलं नाही. क्लेमने कांडीचा तुकडा जिभेने चाटला आणि उन्हात तिरका धरला. ओल्या दगडात ठिपके पेटल्यासारखे झाले. आता तू चाट, म्हणाला. मी चाटला. तेव्हापासून तो मला प्रोफेसर म्हणायचा आणि मी त्याच्या डब्यातले व्हिनेगरचे कांदे खायचे. दुपारचं जेवण आम्ही करवतीशेजारी बसून घ्यायचो. तो पुस्तकं वाचत नसे, पण मी काय वाचते ते विचारायचा आणि शेवट काय झाला ते ऐकायचा. शेवट वाईट असला की म्हणायचा, मग लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं होतं?

सात नंबर लागला ते दिवस भरभराटीचे होते. पर्थहून, सिडनीहून गुंतवणूकदार बसने यायचे. शेडमध्ये त्यांना सँडविच मिळायचं आणि सोनं बघायला मिळायचं. कंपनीचा तेव्हाचा मोठा साहेब म्हणायचा, कागदावर कुणाचा विश्वास बसत नाही, माणसाच्या हातात काहीतरी द्या. क्लेम द्यायचा. सात नंबरच्या अर्ध्या कांडीतला एखादा तुकडा काढायचा, त्याची चिरलेली बाजू घासून गुळगुळीत करायचा आणि पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचा. पुढे बस यायच्या बंद झाल्या, तो साहेबही गेला, पण क्लेमचा हात थांबला नाही. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं, त्याला एक तुकडा. ज्याच्या घरी वाईट घडलं, त्यालाही. कालगुर्लीत हे करणारा तो एकटा नव्हता. इथे अर्ध्या गावाच्या खिडकीत कुठल्या ना कुठल्या बोअरचा दगड असतो. पण बाकीच्यांच्या बोअरला कधी विकत घेणाऱ्याचं स्थळ आलं नाही.

मग बाजार आटला. सोन्याचा भाव चढाच होता, पण छोट्या कंपन्यांना कुणी पैसा देईना. ज्यांच्याकडे चालू खाणी होत्या त्यांनाच मिळायचा. आमच्या शेजारच्या दोन शेड बंद झाल्या. टेसने आधी ड्रिलवाल्यांना पाठवून दिलं, मग शेडमधल्या दोघांना. मग प्रयोगशाळेत आमच्या नमुन्यांची उरलेली भुकटी ठेवायचं भाडं वाचवायचं ठरलं. पर्थहून विचारणा आली, ठेवायची की टाकायची. टाका, असं उत्तर गेलं. अर्धी कांडी शेडमध्ये आहेच, मग भुकटी कशाला, असा विचार होता. त्या वेळी तो बरोबर वाटला.

शेवटी टेस, क्लेम आणि मी उरलो. खाणपट्टा हातात ठेवायचा तर दर वर्षी त्यावर ठरावीक काम करावं लागतं, आणि काम करायला पैसा नव्हता. टेसने आम्हाला समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. कुणी विकत घेतलं तर कंपनी जगेल, आणि शेड क्लेमकडे ठेवा हे ती करारात लिहून घेईल. कुणी घेतलं नाही तर हिवाळ्याच्या आत कुलूप. क्लेमने विचारलं, कुणी घेणारं आहे का? टेस म्हणाली, आहे. पर्थची एक मोठी कंपनी. त्यांची माणसं बघायला येणार आहेत.

गावात अशी बातमी लपत नाही. बोल्डरच्या हॉटेलात क्लेम बिअर घ्यायला गेला की चेष्टा सुरू व्हायची. हॉटेलची मालकीण मॉरीन सगळ्यांत पुढे.

"काय क्लेम, तुमच्या मुलीला बघायला येतायत म्हणे?"

"येतायत."

"दाखवायला तोंडात दात तरी राहिलेत का तिच्या?"

"सोन्याचे आहेत," क्लेम म्हणाला.

तो त्या दिवसांत खूश होता. कॅराव्हॅनला नवीन पडदे लावले. शेअरचा भाव उठला तर काय करायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. काही नाही करायचं, म्हणाला. इथंच राहायचं, पण नवी खुर्ची घ्यायची.

पर्थच्या माणसांनी आधी कळवलं की त्यांना सात नंबर संपूर्ण मांडून हवा आहे. आमचं सोनं किती, याचा सगळा अंदाज सात नंबरवर उभा होता. टेसने क्लेमला ट्रे काढायला सांगितलं. त्याने काढले. उन्हात लांब टेबलांवर एकामागे एक मांडले. मी फोटो काढत होते.

टेस एका टोकाकडून चालत आली. सोनं जिथे सर्वांत जास्त, तिथे पोचली आणि थांबली. ट्रेमध्ये कांडी नव्हती. मधल्या मोकळ्या जागांत क्लेमने लाकडाचे ठोकळे बसवले होते, दगड सरकू नयेत म्हणून. एक ठोकळा, थोडा दगड, परत ठोकळा. पुढच्या ट्रेमध्ये नुसतेच ठोकळे.

"क्लेम, हे कुठंय?"

"गावात," क्लेम म्हणाला.

त्याने हवेत हात फिरवून दाखवलं, म्हणजे इकडे थोडं, तिकडे थोडं. मग त्याचा हात खाली आला. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याने ते तुकडे एकत्र असे कधी मनात आणलेच नव्हते. प्रत्येक वेळी त्याने एक दगड दिला होता. एवढी मोठी भिंत आपण एकेक वीट करून वाटली, हे त्याला ट्रे बघून कळलं.

टेस शेडच्या पायरीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात सांगत राहिली. भुकटी टाकून दिली. कांडी नाही. शेजारी नवीन बोअर घेऊन दाखवायला पैसे नाहीत. बाजार बरा असता तर पर्थवाल्यांनी स्वतःच्या पैशाने बोअर घेतला असता, आज ते घेणार नाहीत. आज त्यांना नाही म्हणायला एक कारण पुरेल.

"मी गोळा करतो," क्लेम म्हणाला.

आम्ही त्याच्या जुन्या गाडीतून निघालो. मागे रिकामा ट्रे, खाली जुनी चादर. मॉरीनचा तुकडा गल्ल्यावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला होता. तिने तो पुसून दिला आणि म्हणाली, मुलगी परत घरी आली तर मलाच दे. दंतवैद्याकडचा खिडकीत होता. क्रोएशियन क्लबच्या कपाटात एक होता, बोच्चे या चेंडूफेकीच्या खेळात जिंकलेल्या ढालीशेजारी, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे त्याची वाट बघण्यात अख्खी सकाळ गेली. एका ड्रिलवाल्याच्या सोडून गेलेल्या बायकोकडे न्हाणीघरात साबणाशेजारी सापडला. ती दारातच म्हणाली, त्याच्याकडून मला मिळालेली एवढी एकच खरी वस्तू आहे, आणि तीही तूच दिलेली. तरी तिने दिला.

क्लेमला प्रत्येक घर आठवत होतं. कुणाला कशासाठी दिला तेही. लग्न, बाळंतपण, नोकरी सुटली, कुत्रं मेलं. मी गाडीत बसून ऐकत होते. त्याचं आयुष्य मला असं सलग कधी कळलं नव्हतं. दरवाजे वाजवताना मात्र त्याची मान खाली असायची. दिलेली वस्तू परत मागायची त्याला सवय नव्हती. काही जण चिडवायचे, भाड्याने दिला होतास का रे? काही जण चहा पाजायचे. नाही कुणीच म्हटलं नाही.

पर्थच्या एका शेअर दलालाकडे मोठा तुकडा होता. फोन केला तर ऑफिस बंद पडलेलं. शेवटी त्याच्या ऑफिसातल्या जुन्या टेलिफोनवालीकडे तो तुकडा सापडला. तिने स्वतःच्या खर्चाने पाठवला. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती, तुमची तरी कंपनी वाचो.

रोज संध्याकाळच्या आत आम्ही शेडमध्ये परत यायचो आणि क्लेम तुकडे लावायचा. कांडी ट्रेमध्ये ठेवताना तिच्यावर लाल पेन्सिलने एक लांब रेघ ओढलेली असते. तुटलेल्या कडा जुळल्या आणि रेघ सलग लागली की तुकडा त्याच जागचा. तो एकेक ठोकळा काढून बाजूला ठेवायचा. टेसही येऊन उभी राहायला लागली. तिने एकदा स्वतः एक तुकडा उलटसुलट करून बसवला, आणि बसला तेव्हा ती हसली. त्या आठवड्यात आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की हे जमेल.

एक फट उरली, तळहाताएवढी. नेव्ह वारला तेव्हा तो तुकडा त्याच्या शवपेटीत गेला होता. क्लेमनेच त्याच्या कोटाच्या खिशात घातला होता. हॉटेलात कुणीतरी म्हणालं, मग फावडं घे की. क्लेमने ग्लास तिथेच ठेवला आणि बाहेर आला. तेवढी फट चालेल, असं टेस म्हणाली.

पर्थहून लिन ट्रॅन आली. टेसच्याच वयाची, डोक्याला रुंद टोपी, कमी बोलणारी. सगळा सात नंबर तिच्यासमोर मांडलेला होता. ती पाण्याचा फवारा मारत, भिंगातून बघत चालत राहिली. सोन्याच्या भागापाशी आली आणि वाकली. बराच वेळ वाकूनच होती. मग तिने एक तुकडा उचलला.

"याला वॉर्निश का लावलंय?"

टेसने क्लेमकडे बघितलं. क्लेम काहीही सांगू शकला असता. त्याने खरं सांगितलं. वॉर्निशवाला दंतवैद्याचा. भोक पाडलेला तो किल्लीला अडकवायला, एका नर्सने पाडून घेतला. हा डाग चहाचा. हा क्लबातला. तो एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेला आणि सांगता सांगता रंगला. लिनने मध्येच थांबवलं नाही. तिने सगळ्या कडा तपासल्या, लाल रेघ तपासली. सगळं जुळत होतं, हे ती स्वतःच म्हणाली.

"मग झालं की," क्लेम म्हणाला.

लिनने टोपी काढली. "क्लेम, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण शेडबाहेर गेलेला दगड मला नमुना म्हणून लिहिता येत नाही. इतकी वर्षं तो कुणाच्या हातात होता, कुणी त्याला काय लावलं, हे मी वरच्यांना कसं सांगू?"

"न्हाणीघरात होता. तिथं कोण काय लावणार? साबण?"

ती हसली नाही. तिने भुकटीबद्दल विचारलं. टेसने सांगितलं. लिनने फक्त मान हलवली. मग म्हणाली, आमच्या कंपनीने शेजारी एक बोअर घेऊन बघावा, असं मी अहवालात लिहीन. माझं काम लिहायचं, पुढचं माझ्या हातात नाही. निघताना तिने क्लेमशी हस्तांदोलन केलं. त्याचा हात ओला आणि दगडाच्या चिखलाने माखलेला होता. तिने नंतर आपला हात पुसला नाही.

आम्ही वाट बघितली. क्लेम करवतीचं पातं बदलत बसायचा. कापायला काही नव्हतं. जेवताना तो माझ्या पुस्तकांची चौकशी करेना. एकदा विचारलं, प्रोफेसर, अहवाल लिहिणाऱ्याने जीव तोडून लिहिलं तर वाचणाऱ्याला कळतं का गं? मी हो म्हटलं. मी तीन वर्षं अहवालच लिहीत होते.

पर्थचं उत्तर दोन ओळींचं आलं. बाजाराची सध्याची परिस्थिती बघता बोली पुढे नेता येत नाही. सात नंबरचं नाव त्यात नव्हतं. टेसने ते दोनदा वाचून दाखवलं, मुद्दाम, क्लेमला ऐकू जावं म्हणून. बघ, तुझा काही संबंध नाही, म्हणाली. तू नसतास तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं.

"दुसरं शोधायला लागलं असतं ना," क्लेम म्हणाला. "मी आयतं दिलं."

त्यानंतर सगळं लवकर झालं. कंपनी बुडीत काढून हिशेब मिटवणारे आले. तरुण, सभ्य मुलं होती. त्यांनी टेबलं मोजली, करवत मोजली. ट्रेमधल्या दगडांना किंमत नाही म्हणाले. क्लेमचे शेअर कागदावरही उरले नाहीत. कॅराव्हॅन हलवायची होती, पण तिची चाकं कधीच गेली होती, म्हणून ती तिथेच सोडावी लागली. त्याची बहीण मिल्का समुद्राकाठच्या एस्परन्सला राहायची. ती म्हणाली, ये इकडे.

जायच्या आधी त्याने सगळे तुकडे परत वाटले. मी म्हटलं होतं, राहू दे आता. तो म्हणाला, मागून आणलेले आहेत. पुन्हा तेच दरवाजे. या वेळी कुणी चिडवलं नाही. मॉरीनने तुकडा घेतला आणि गल्ल्यावर न ठेवता खाली कुठेतरी ठेवला. मला वाटतं, रोज दिसायला नको म्हणून. क्लेमला ते दिसलं.

टेस क्वीन्सलँडला गेली, कोळशाच्या खाणीवर. मला गावच्या वाचनालयात जागा मिळाली. वसंतात बातमी आली की पर्थच्या त्याच कंपनीने थॉर्नबिलचा खाणपट्टा बुडीत काढणाऱ्यांकडून घेतला, भंगाराच्या भावात. कंपनी नाही, माणसं नाहीत, शेड नाही, फक्त जमीन. पहिलं ड्रिल त्यांनी सात नंबरच्या शेजारी, दोन हातांवर उभं केलं. जे निघालं ते सगळ्या पेपरांत आलं.

मी क्लेमला फोन केला. त्याला कळलं होतं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी स्वतः देत होते.

"होतं ना तिथं," तो म्हणाला. "नेव्ह खोटं बोलत नव्हता."

मी म्हटलं, तुझं नाव यायला हवं होतं. तो म्हणाला, कशात? कंपनी खाणारा म्हणून? मग समुद्राकडचा वारा फार आहे, झोप लागत नाही, असं काहीतरी सांगत राहिला. मिल्काच्या अंगणात त्याला काम नव्हतं. तिथे सगळी वाळू.

तो झोपेत गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मिल्काने सकाळी चहा नेला तेव्हा कळलं.

एस्परन्सला आम्ही थोडेच होतो. मॉरीन आली होती, टेसला येता आलं नाही. विधी संपल्यावर सगळे मिल्काच्या घरी गेले. मी अंगणात उभी होते तेव्हा फाटकाशी एक भाड्याची गाडी थांबली. लिन ट्रॅन होती. पेपरात वाचलं म्हणाली. ती आत यायला तयार नव्हती. आपण फाटकातच बोलू या का, तिने विचारलं.

तिने ती कंपनी सोडली होती. सोडताना जुनी कागदपत्रं तिच्या नजरेखालून गेली, आणि तेव्हा तिला कळलं ते ती मला सांगायला आली होती. कालगुर्लीला तिला पाठवायच्या आधीच वर ठरलं होतं. थॉर्नबिल विकत घ्यायची नाही. बुडेपर्यंत थांबायचं, मग जमीन उचलायची. तिला पाठवलं ते दुसरं कुणी बोली लावू नये म्हणून. बघणी चालू आहे म्हटलं की बाकीचे लांब राहतात. तिचा अहवाल चांगला होता. बोअर घ्या, कंपनी घ्या, असंच तिने लिहिलं होतं. तो कुणी उघडला नव्हता. सात नंबर पूर्ण असता, एक तुकडासुद्धा बाहेर गेला नसता, तरी उत्तर तेच आलं असतं.

"त्याला कुणी सांगितलं होतं का हे?" तिने विचारलं.

"तुझा संबंध नाही, एवढं टेसने सांगितलं होतं. ती समजूत काढतेय असं त्याला वाटलं."

लिन म्हणाली, मीच आधी यायला हवं होतं. तिने पुन्हा आत यायला नकार दिला आणि गाडीत बसून गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. मिल्का एकटीच होती. तळलेल्या पिठाच्या फिती ताटात रचून त्यांच्यावर पिठीसाखर चाळत होती. कोण आलं होतं, तिने विचारलं. मी पर्थची बाई म्हटलं. मग उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, जसं ऐकलं तसं. क्लेममुळे काही झालं नव्हतं. आधीच ठरलं होतं. ती ऐकत होती आणि तिचा हात चालू होता. साखर ताटाबाहेर ओट्यावर पडायला लागली होती.

"वर्षभर तो माझ्यासमोर याच खुर्चीत बसायचा," मिल्का म्हणाली. "रोज तेच. मी कंपनी खाल्ली, मिल्का. नेव्हची जमीन मी घालवली. मी म्हणायची, जेव. तो म्हणायचा, खाऊनच तर हे झालं."

तिने चाळणी खाली ठेवली. हात पुसले. मग माझ्याकडे बघितलं, राग नसलेल्या डोळ्यांनी.

"मग हे आता मला कशाला सांगतेस, पोरी?"

बाहेर मॉरीन कपबश्या मागत होती. मी ताट उचललं आणि बाहेर नेलं.